वजनाचा रकाना

देवबागच्या वर, सड्यावर,
जांभा तासून केलेल्या चौकोनात
आमचं हेलिकॉप्टर उभं असतं.
तीन प्रवासी, एक मी.
दहा मिनिटांची फेरी : कर्ली नदीचं मुख,
वाळूची चिंचोळी पट्टी, दोन्हीकडे पाणी,
आणि परत.

चढण्याआधी प्रत्येकाला काट्यावर उभं करायचं.
बायका चपला काढतात, पुरुष पोट आत घेतात,
जणू काटा डोळ्यांनी बघतो.
काल एका नवऱ्यानं सांगितलं पंच्याहत्तर,
भरला ब्याण्णव.
बायको समुद्राकडे तोंड करून हसली.
मी हसलो नाही.
त्याच कागदावर सगळ्यात वर माझा आकडा असतो,
प्रवाशांचा पेन्सिलीनं, माझा शाईनं :
कुबल दि. बा., शहाण्णव.

गणित अवघड नाही.
चौदा किलो जास्त म्हणजे वीस लिटर इंधन कमी,
वीस लिटर म्हणजे वीस मिनिटं.
माझ्या पट्ट्याच्या शेवटच्या दोन भोकांत
कंपनीच्या दोन फेऱ्या अडकून पडल्यात.
त्यात मे महिन्यात हवा सुस्तावते,
दुपारी पात्यांच्या हाती लागतच नाही,
यंत्र उठताना कण्हतं
आणि मला वाटतं माझंच नाव घेतंय.

बोवलेकर साहेब वाईट माणूस नाही.
जाड हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही.
म्हणाले, दिगंबर, ऐंशीच्या आत ये,
गणपतीपर्यंत वाट बघतो.
मी म्हटलं, साहेब, दोन हजार तास उडवलंय.
ते म्हणाले, माहितीय रे,
पण तासांचा रकाना दुसऱ्या कागदावर असतो.

निघालो ऐंशीकडे.
रात्री नुसती पेज. पहाटे वाळूवर धावायचं,
रापण ओढणारे ओरडायचे,
धावतंस कित्याक? दोरयेक हात लाव!
लावला हात.
शहाण्णवाचे एक्याण्णव झाले,
आणि मग एका रविवारी आईनं सुरमई तळली.

कंपनीचा काटा खाऱ्या हवेनं गंजला त्या आठवड्यात
बाबांनी जेटीवरचा लिलावाचा काटा आणला टेम्पोतून.
त्याच्या पत्र्यावर बांगड्यांचे खवले चिकटलेले.
चाळीस वर्षं ज्यावर टोपल्या चढवल्या
त्यावर पोरगा चढला.
बाबांनी आकडा वाचला, पुन्हा वाचला,
म्हणाले,
माशाचा वजन वाढला तर पैशे वाढतत,
तुझा वाढला तर नोकरी जाता.
ह्यो खयचो बाजार?

गणपती झाले. मी चौऱ्याऐंशीवर अडलो होतो.
मग जुईली परुळेकर आली. एकोणपन्नास किलो.
हात स्थिर, बोलणं कमी.
तीन जाडे मामा एकदम बसवले तरी
कागदावर जागा उरते.
मी आता तिकिटं फाडतो, काटा बघतो.

पण ती एकटी उडते तेव्हा उलटा घोळ होतो :
पुढच्या जागेवर निदान अडुसष्ट हवेत,
नाहीतर यंत्राचं नाक खाली यायलाच तयार नसतं.
तेव्हा तिच्यासोबत एकोणीस किलोची पिशवी जाते.
पिशवी मी भरतो.
ओली वाळू नको, तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं,
सुकली की आकडा खोटा पडतो.
हे तिला सांगायला लागलं याची तिलाच लाज वाटली,
मान खाली घालून ती पट्ट्याचं बक्कल बघत राहिली.

काल बाबाच काट्यापाशी होते.
पिशवी बरोबर एकोणीस भरली,
तरी सवयीनं त्यांनी वर एक मूठ टाकली,
गिऱ्हाइकाला टाकतात तशी.
मी ती काढली.
कुठे टाकावी कळेना, तेवढ्यात पाती फिरायला लागली,
म्हणून तशीच मुठीत धरून मागे सरलो.

सड्यावरचं गवत आडवं झालं.
ती उठली, अलगद, कण्हणं नाही काही नाही.
बाबा टोपी धरून वर बघत होते.
माझी मूठ अजून मिटलेलीच,
आणि काट्यावर कुणीच नसताना
सुई थरथरत होती.